नावाखालची नदी

सुपडूआप्पा कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरून बघायचे. चहा दिला तर हुंगायचे. लग्नाच्या पंगतीत बसले की पहिला घास शेजारच्याला घेऊ द्यायचे, त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघायचे आणि मग स्वतःच्या ताटाला हात लावायचे. आमच्या गल्लीत याचं कुणाला वाईट वाटत नसे, कारण त्यांच्या संशयात भेदभाव नव्हता. मी शेजारची, जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, पण माझ्या हातचा चहासुद्धा ते हुंगूनच प्यायचे. वर म्हणायचे, "मास्तरीन, राग मानू नको, नाकले सवय शे." राग यायचाच, पण शेजार काही रोज बदलता येत नाही.

आप्पांची नंदुरबारच्या मिरची बाजारात अडत होती. शेतकरी मिरचीचा ढीग ओतायचा, इतर व्यापारी वरची मिरची मोडून, वाजवून बघायचे. आप्पा तिकडे ढुंकून बघत नसत. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारायची, हात ढिगात बगलेपर्यंत खुपसायचा आणि तळाची मूठ वर काढायची. "वरली मिरची दाखाडाले ऱ्हास. खाल्हे काय शे ते सांग." खाली ओली मिरची निघे, कधी खडे निघत, आणि कधी वरच्यासारखीच चांगली निघे. चांगली निघाली की आप्पांचा चेहरा उतरायचा. मग खिशातली चपटी डबी निघायची. तिच्यात गोडेतेलात भिजवलेलं पांढरं फडकं असे. मिरचीला रंग मारलाय का हे बघायला ते फडकं मिरचीवर घासायचे. फडकं लाल झालं तर माल परत. आयुष्यभर मिरचीत राहून त्यांचे डोळे कायमचे तांबारलेले, त्यामुळे नवा माणूस त्यांना प्यायलेला समजायचा, आणि तो असा टक लावून का बघतो म्हणून आप्पांना त्याचा संशय यायचा.

अडत पोरांकडे सोपवली तरी "खाल्हे काय शे" सुटलं नाही. पेपरात बातमी वाचली, खाल्हे काय शे. डॉक्टरांनी गोळी बदलली, खाल्हे काय शे. गल्लीत येणारी प्रत्येक वस्तू आप्पांच्या ओट्यावरून पास होऊन पुढे जायची. माझा फ्रिज आला तेव्हा टेम्पोतून उतरायच्या आधी आप्पा हजर. खोक्यावरचा नंबर पावतीशी ताडून बघितला, मागची जाळी बघितली, दार उघडून आतला दिवा बघितला. दुकानाचा माणूस कौतुकाने म्हणाला, दार लावलं की दिवा आपोआप विझतो. आप्पांनी दार लावलं, उघडलं, परत लावलं. म्हणाले, "लावावर विझस हाई कोनी दखं?" तो माणूस हसला. मग हसायचा थांबला. मी आजही फ्रिज लावताना तिथे क्षणभर अडते, इतकं त्या म्हाताऱ्याने माझं डोकं फिरवून ठेवलंय.

एकाच घरात आप्पांचं नाक गप्प बसे. समोरच्या कुसुमच्या. आप्पांची बायको गेली, मुलं नव्या वसाहतीत राहायला गेली, आप्पा मात्र जुन्या घरात एकटे राहिले, कारण सुनांच्या हातचं जेवायला त्यांची तयारी नव्हती. कुसुम रोज दुपारी कढीची नाहीतर भाजीची वाटी झाकून पाठवायची. ती वाटी आप्पा झाकण काढून सरळ तोंडाला लावायचे. हुंगणं नाही, उजेडाकडे धरणं नाही. मी एकदा टोचून विचारलं, कुसुमच्या तेलाची बरी खात्री आहे तुम्हाला. तर म्हणाले, "तिना हात खोटा नही." बस, एवढंच.

कुसुमचे यजमान लोणखेड्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. रोज एसटीने जाऊन येऊन. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. भला माणूस, पण व्यवहार शून्य. पगाराचा फरक एकदम हातात आला त्या वर्षी कुसुमने घरावर एक खोली चढवायची ठरवली होती. तिने गवंडीसुद्धा बघून ठेवला. आणि सर एके दिवशी शहाद्याकडच्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं तिथून फरकाचे सगळे पैसे देऊन एक चित्र घेऊन आले. भलंमोठं तैलचित्र, एसटी स्टँडवरून हातगाडीवर आडवं बांधून आणलेलं. पुढे नदी, पलीकडच्या काठावर झाडं, मागे डोंगर आणि डोंगरावर तांबडा सूर्य. चुलीशेजारी टांगलं असावं इतकी काजळी बसलेली.

हातगाडी अर्थातच आप्पांच्या ओट्याशी थांबली. आप्पांनी चष्मा लावून चित्र या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत वाचल्यासारखं बघितलं, पालथं करून मागचं कापड बघितलं.

"हाई नदी कोनती?"

"तापी, आप्पा. पलीकडे सातपुडा."

"सातपुडाना मांगून सूर्य कव्हय उगना?" आप्पा म्हणाले. बरोबर होतं त्यांचं, आमच्याकडून सातपुडा उत्तरेला. "आनि कोनी काढं हाई?"

"असेल कोणीतरी," सर हसत म्हणाले.

त्या दिवशी कुसुम जे भांडली ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. तिचा तरी काय दोष, खोलीच्या विटांचा भाव ठरला होता. पुढे कित्येक दिवस ती त्या चित्राकडे पाठ करून धुणं वाळत घालायची. मग हळूहळू भांडण निवलं. कसं निवलं ते मला फार नंतर कळलं. सर तिला म्हणाले होते, अगं, मीही नीट बघितलं नव्हतं, कोपऱ्यात सही आहे बघ. आणि खरंच उजव्या कोपऱ्यात, पाण्यावर, नाव होतं. मुंबईच्या एका नामांकित चित्रकाराचं, जुन्या जमान्यातलं. सर म्हणाले, ही तुझी वरची खोलीच आहे असं समज, फक्त भिंतीवर टांगलेली. त्यानंतर कुसुम त्या चित्राची चौकट रोज पुसायची, चित्राला मात्र हात लावायची नाही. सरांनीच बजावलं होतं, जुन्या रंगाला फडकं लावायचं नसतं.

सर गेले. कुसुमचा मुलगा सुरतेला नोकरीला, तिथेच फ्लॅट घेतलेला. आई एकटी कशाला राहते, घर विकून टाकू, तू आमच्याकडे ये, असं दर सणाला आला की सुरू. कुसुमला सुरतेचं नाव काढलं की धाप लागायची. मला म्हणायची, "तारा, तिथं मी पाहुणी. दोन खोल्यांत सून, नातवंडं, आणि मी सोफ्यावर. माझी चूल इथं आहे." पेन्शनीत भागत होतं, पण घर गळायला लागलं होतं. वर खोली चढली असती, भाड्याने दिली असती, तर मुलाच्या तोंडाला कुलूप लागलं असतं. मग तिला सरांचे शब्द आठवले. तिने मुलाला म्हटलं, चित्र विक, खोली बांधून दे, मग घराचं नाव काढायचं नाही. मुलाने कबूल केलं.

त्याने मोबाइलवर फोटो काढले, सहीचा अगदी जवळून काढला, आणि सुरतेच्या एका चित्रं घेणाऱ्या व्यापाऱ्याला पाठवले. त्याने नुसत्या फोटोवर असा आकडा सांगितला की मुलगा आईला दोनदा विचारता झाला, बाबांनी नक्की कुठून आणलं होतं. व्यापारी म्हणाला, येतो, प्रत्यक्ष बघतो, सही तपासतो, आणि तिथेच पैसे देतो. येण्याचा दिवस ठरला. कुसुमने पेढे आणून ठेवले. गल्लीत दुसरा विषय नव्हता. मलाही, खरं सांगते, जरा पोटात दुखलंच.

आदल्या दिवशी दुपारी कुसुमने मला आणि आप्पांना चहाला बोलावलं. चित्र खाली उतरवून खुर्चीवर टेकवलं होतं. आप्पा आले, बसले नाहीत. सहीपाशी वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मला वाटलं कंबर धरली.

"हाई नाव पहिलेपासून शे?" त्यांनी विचारलं.

"मग काय," कुसुम म्हणाली. "त्याचेच तर पैसे आहेत आप्पा."

ती चहा आणायला आत वळली. मी पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडत होते. आप्पांनी खिशातून डबी काढलेली मी बघितली, पण जन्मभर ती डबी बघत आलेली, त्यात काय बघायचं. मान वर केली तेव्हा आप्पांचा हात चित्राच्या कोपऱ्यावर गोल फिरत होता. दोनचार वळसे. फडकं काळं झालं. आणि कोपऱ्यातलं नाव गेलं.

कुसुम कपबशा घेऊन दारात उभी होती. ती ओरडली नाही. फार बारीक आवाजात म्हणाली, "हे काय केलंत आप्पा तुम्ही?"

आप्पांनी फडक्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, कुसुमकडे बघितलं. त्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही आधी कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "हात मन्हा लागना. चूक व्हई गई." आणि चहा न घेता निघून गेले.

व्यापाऱ्याला कळवावं लागलं. तो म्हणाला, सही होती तो भाव होता, सही नाही तर चौकटीचे काय ते द्या-घ्या. आलाच नाही. मुलगा मात्र दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आला, तो थेट आप्पांच्या ओट्यावर. काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. आप्पा मान खाली घालून ऐकत होते. ज्यांनी आयुष्यात कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नाही ते गप्प बसलेले बघून मला पहिल्यांदा शंका आली. गल्लीतल्या चार मोठ्या माणसांनी बसून ठरवलं की आप्पांनी भरपाई द्यावी, निदान अर्धी. आता आप्पा घासाघीस करणार, महिनाभर करमणूक, अशी सगळ्यांची समजूत. आप्पा म्हणाले, "अर्धी काबर? पुरी देस. चित्र मन्हं." आणि शहराबाहेर मिरची वाळवायला त्यांची पथारी होती, ती मोकळी जमीन, तिच्यातला रस्त्याकडचा तुकडा विकून त्यांनी व्यापाऱ्याने सांगितलेला भाव जसाच्या तसा कुसुमच्या हातात ठेवला आणि चित्र उचलून घरी नेलं.

झालं. हे तर गल्लीला मुळीच पचेना. सुपडूआप्पा, जे भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीवरून वाद घालायचे, ते घासाघीस न करता एवढी रक्कम देतात म्हणजे खाली काहीतरी आहे. कुणी म्हणालं, व्यापाऱ्याशी आधीच संधान असणार. कुणी म्हणालं, चित्र याच्या दुप्पट किमतीचं असेल, म्हाताऱ्याने मुद्दाम सही पुसून घशात घातलं, आता मुंबईला विकेल. मीही म्हणाले. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही, दोन घरी जाऊन म्हणाले. आप्पांनीच आम्हाला शिकवलेला प्रश्न आम्ही आप्पांना लावला, एवढंच.

कुसुमने पैसे घेतले आणि वाटी बंद केली. समोरासमोर घरं, तरी ती आप्पांच्या ओट्याकडे बघायची नाही. आप्पा दिसले की दार लावून घ्यायची. तिचं म्हणणं एकच, "पैसे दिले म्हणून काय झालं? माझ्या माणसाची शेवटची ठेव होती ती. त्याला हात लावायची यांची हिंमत कशी झाली?" वर खोली चढायला लागली. रेती, सिमेंट, सळया गल्लीत आल्या आणि पहिल्यांदाच काही वस्तू आप्पांच्या तपासणीशिवाय पुढे गेल्या. ते ओट्यावर बसून लांबूनच बघायचे.

मुंबईचा कोणी गिऱ्हाईक येतो का म्हणून मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. कोणी आलं नाही. शेवटी निमित्त काढून मीच आत गेले. चित्र मधल्या खोलीत, आप्पांच्या खाटेसमोर टांगलं होतं. सगळं चित्र काळपट तपकिरी, आणि उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा स्वच्छ. तिथे नदी निळसर हिरवी दिसत होती, ताजी. ब्रशाच्या रेघा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेल्या, मधे कुठे तुटलेल्या नाहीत. मी बघत राहिले. माझ्या घरी सासूबाईंच्या नावाची पितळेची भांडी आहेत. वर्षानुवर्षं मळलेली भांडी चिंचेने घासली की नाव पुसत नाही, उजळतं, कारण नाव आधीचं आणि मळ नंतरचा. इथे मळ निघाला आणि त्याच्याबरोबर नावही निघालं. म्हणजे नाव मळाच्या वर होतं.

मी वळून आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"आप्पा, हे नाव चित्र काढणाऱ्याने लिहिलेलं नव्हतं."

आप्पा खिशातली डबी चाचपायला लागले.

"हातगाडी आली त्या दिवशी तुम्ही कोपरा न् कोपरा बघितला होता. कोणी काढलं असं तुम्हीच विचारलंत. तेव्हा नाव असतं तर तुम्ही विचारलं नसतं."

"नव्हतं," आप्पा म्हणाले. "माले वाटनं मन्हा डोया म्हतारा व्हयना. का डोया खोटा, का नाव खोटं. म्हनीसन घासं." मग चित्राकडे हात करून म्हणाले, "दख ना. खाल्हे नदी शे."

कुसुमची समजूत काढायला त्या भल्या माणसाने कुठल्यातरी दुपारी, ती बाहेर गेलेली असताना, रंग आणून पाण्यावर ते नाव लिहिलं असणार. फसवायचं म्हणून नाही, घरात शांतता व्हावी म्हणून. आणि मग ते खोटं त्यांच्या मागे उरलं, तिचा आधार बनून.

मी चिडले. म्हटलं, "मग सांगत का नाही? लोक तुम्हाला चोर म्हणताहेत. मी म्हणाले. ती तुमचं तोंड बघत नाही. व्यापारी आला असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. तुमचा काय दोष?"

"व्यापारी सांगता तिना पोर्यादेखत," आप्पा म्हणाले. "तिले नवराना संशय उना ते ती कोठे जाई? तो काही उत्तर देवाले येवाव नही. मन्हा संशय उना ते काय व्हस? मी आठेच बठेल शे, समोर."

मी पदर घेऊन चित्राची चौकट पुसायला लागले. आप्पांना ते आवडलं नसावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला. म्हणाले, "सूर्य मात्र खोटाच शे," आणि सातपुड्याची दिशा मला पुन्हा एकदा समजावून सांगितली.

मी कुसुमला सांगितलं नाही. आजही नाही. हे लिहितेय तेही ती वाचणार नाही या भरवशावर, ती फक्त देवाच्या पोथ्या वाचते. गल्लीत कोणी आप्पांचं नाव काढलं की मी उठून आत जायला लागले, इतकंच माझ्याने झालं.

पुढच्या थंडीत आप्पांनी खाट धरली. मुलं न्यायला आली तर गेले नाहीत. मी वाटी न्यायला लागले. आप्पा उशीवरून डोकं उचलून वाटी हुंगायचे, तेल कुठलं विचारायचे, मग दोन घास. माझी कढी कुसुमसारखी होत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

शेवटची भेट झाली त्या दुपारी समोरच्या वरच्या खोलीत सामान चढत होतं. ट्रंका, गाद्या, जिन्यावर मुलींचे आवाज. आप्पा खिडकीकडे कान लावून पडले होते. मला बघताच म्हणाले, "कोन उनं?"

"भाडेकरू, आप्पा. विसरवाडीकडच्या दोन पोरी, नर्सिंगला आहेत."

"तू दखं का? का तिनी सांगं म्हनीसन?"

"कुसुमने बघून घेतलं असेल ना."

"ती काय दखी! ती कोनवर बी भरोसा ठेवस." आप्पा उठायला लागले, जमलं नाही. "जाय. आधार कार्ड दख. घरना लोकेसना नंबर ले. फोन लाईसन दख तोच शे का. भाडं बुडाडीसन पयनात ते ती कोठे जाई? आनि मी सांगं असं सांगू नको. तिले संशय येई."

वाटी खाटेशेजारी ठेवून मी गेले. दुसरं काय करणार. जिना चढून त्या पोरींची कार्डं बघितली, घरचे नंबर घेतले, तिथल्या तिथे एकीच्या बापाला फोन लावला. तो बिचारा शेतातून बोलत होता, सारखा ताई ताई करत होता. कुसुम कमरेवर हात ठेवून माझा तमाशा बघत होती. म्हणाली, "तारा, तू त्या म्हाताऱ्यासारखी कधीपासून वागायला लागलीस गं?" मी म्हटलं, शेजार आहे, लागलं असेल.

परत आले. आप्पा तसेच दाराकडे डोळे लावून पडलेले.

"दखं?"

"दखं, आप्पा. कार्डं दखी, बापाशी बोलले."

"खाल्हे काय शे?"

"काही नही. वर शे तसंच खाल्हे शे. चांगल्या पोरी शेतस."

त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं, ढिगातून वर काढलेल्या मिरचीकडे बघायचे तसं. मग हात पुढे केला. मी वाटी दिली. कढी एव्हाना निवली होती, वर साय धरली होती. आप्पांनी वाटी सरळ तोंडाला लावली आणि न हुंगता पिऊन टाकली.